शनिवार, रविवार आणि तीन फाटे: हरणांच्या सीझनवर वाचकांचे प्रश्न

हरणांच्या शिकारीच्या नियमांबद्दल आलेली बहुतेक पत्रं पेनसिल्व्हेनियातली आहेत. काही न्यू जर्सी आणि टेक्सासमधून आली, एक यवतमाळहून. उत्तरांमधले नियम आणि दर २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचे आहेत. तारखा दर वर्षी सरकतात, त्यामुळे घरातून निघण्याआधी पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनचं (राज्यातली शिकार सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचं) त्या वर्षाचं ‘हंटिंग अँड ट्रॅपिंग डायजेस्ट’ उघडून बघा. ते ऑनलाइन मोफत आहे.

प्रश्न: मी एच-१बी व्हिसावर पिट्सबर्गला आहे. ऑफिसातले सहकारी दर वर्षी हरणाच्या शिकारीला जातात, मलाही जायचं आहे. व्हिसावरच्या माणसाला बंदूक हातात घेता येते का? सुरुवात कुठून करू?

घेता येते, पण आधी लायसन्स आणि मगच बंदूक. हा क्रम उलटा झाला तर मामला थेट फेडरल गुन्ह्याचा होतो.

नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक आणि काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याची मनाई आहे. त्यात एच-१बी, एल-१, एफ-१ सगळेच आले. या मनाईतून सुटण्याचा सामान्य माणसाला परवडणारा रस्ता एकच: अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचं चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स. ते खिशात नसताना सहकाऱ्याची रायफल रेंजवर ‘जरा चालवून बघणं’सुद्धा धोक्याचं आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही. उलट ज्यांचं स्टेटसच संपलेलं आहे, त्यांना लायसन्स दाखवूनही सूट मिळत नाही.

पहिलं काम हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स. वर्गात बसून केला तर तो मोफत असतो आणि साधारण एका दिवसात उरकतो; फी भरून ऑनलाइनही करता येतो. सीझन जवळ आला की वर्ग भरून जातात, त्यामुळे उन्हाळ्यातच नाव नोंदवा. सर्टिफिकेट मिळालं की ‘हंटफिशपीए’च्या साइटवर किंवा लायसन्स विकणाऱ्या दुकानात जा. सोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि सोशल सिक्युरिटी नंबर न्या. अर्जाच्या आधी सलग ३० दिवस राज्यात राहत असाल तर रेसिडेंटचा दर लागतो: २०.९७ डॉलर. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तेच लायसन्स १०१.९७ डॉलरला पडतं. तिसरं काम बंदूक खरेदीचं. दुकानदार ४४७३ नंबरचा फॉर्म भरून घेतो. त्यात आय-९४ चा (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा) नंबर द्यावा लागतो आणि हंटिंग लायसन्स दाखवावं लागतं.

यात दोन खड्डे आहेत. पहिला खड्डा मुदतीचा. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, तुम्ही ते नोव्हेंबरात घेतलं असलं तरीही. शिकार डिसेंबरात संपली म्हणून नव्या वर्षाचं लायसन्स ऑक्टोबरात घेऊ असं म्हणालात, तर मधले तीन महिने घरातल्या कपाटातली बंदूक बेकायदा ठरते. व्हिसावर आहात तोवर नवं लायसन्स जूनमध्येच काढून ठेवा. ते १ जुलैच्या आधी विक्रीला येतं.

दुसरा खड्डा पिट्सबर्गचा. शहर ज्या ॲलेगेनी काउंटीत आहे, तिथे हरणासाठी सेंटरफायर रायफल (मोठ्या शिकारीची नेहमीची काडतुसाची रायफल) चालत नाही; शॉटगन किंवा मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक) लागते. फिलाडेल्फियाच्या आसपासच्या काउंट्यांतही तेच. हौसेने .३०-०६ ची रायफल घ्याल आणि घराजवळच्या रानात ती उपयोगाची नाही हे डिसेंबरात कळेल. शिवाय राज्यभरात कुठेही मोठ्या जनावरावर सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालवता येत नाही. नव्या माणसाला बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने दांडी ओढायची रायफल, बरी.

आमचं मत विचाराल तर पहिल्या वर्षी क्रॉसबो (बंदुकीसारखा खटका असलेलं आडवं धनुष्य) घ्या. फेडरल बंदूक कायद्यात ती ‘बंदूक’ नाही आणि २००९ पासून पेनसिल्व्हेनियाच्या आर्चरी, म्हणजे धनुष्यबाणाच्या, सीझनमध्ये ती सर्रास चालते. जनरल लायसन्सवर १६.९७ डॉलरचं आर्चरी लायसन्स वेगळं लागतं. क्रॉसबोची दोरी ओढायला लागणारा जोर किमान १२५ पौंड आणि बाणाच्या पात्याची धार किमान ७/८ इंच रुंदीची हवी. व्हिसाची गुंतागुंत मनात असेल तर बंदूक घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा.

प्रश्न: मी लँकेस्टरजवळ एका गोदामात शिफ्टवर काम करतो. रजा मोजक्या. रायफलचा सीझन अख्ख्या वर्षात दोनच आठवडे का? आणि रविवारचं नक्की काय झालं आहे?

सामान्य शिकाऱ्याला खरा फरक पडतो तो या तारखांनी. बाकीचे नियम पाळता येतात किंवा मोडता येतात. तारखा मात्र परस्पर ठरवून टाकतात की रानात कोणी जायचं आणि कोणी शिफ्टवर जायचं.

१९६३ पासून पेनसिल्व्हेनियाचा रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या) सोमवारी उघडत असे. ग्रामीण भागातल्या कितीतरी शाळा त्या दिवशी सुट्टी देत. रविवारी शिकार बंद हा नियम त्याहून जुना, शतकापलीकडचा. म्हणजे सोमवार ते दुसरा शनिवार असे बारा दिवस, आणि त्यांत नोकरदाराच्या वाट्याला रजा न घेता फक्त दोन शनिवार. त्यातला एक पावसात गेला की वर्ष गेलं.

२०१९ मध्ये सीझन शनिवारी उघडायला लागला. त्याच वर्षी विधिमंडळाने तीन रविवार मोकळे केले आणि २०२० पासून ते वापरात आले. २०२५ मध्ये रविवारची बंदीच कायद्यातून काढली गेली आणि कोणते रविवार खुले ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार गेम कमिशनकडे आला. २०२५ चा रायफल सीझन २९ नोव्हेंबरला उघडला आणि १३ डिसेंबरला मिटला. बोटांवर मोजा: तीन शनिवार, दोन रविवार. दोनाचे पाच झाले. कागदावर सीझन तीन दिवसांनीच वाढला, पण तुमच्यासारख्याच्या हाती अडीचपट दिवस आले.

फटका बसला तो डोंगरातल्या शिकाऱ्यांच्या जुन्या कॅम्पना. आधी लोक शुक्रवार-शनिवारी पोचत, रविवार गप्पांत आणि तयारीत जाई, सोमवारी पहाटे रानात. आता थँक्सगिव्हिंगचं जेवण आटोपून दुसऱ्याच दिवशी लांबचं अंतर कापावं लागतं. कॅम्पवाल्यांची ही नाराजी अजून ओसरलेली नाही आणि ती खोटीही नाही. तरीही शिफ्टवर राबणाऱ्या माणसाच्या बाजूने झालेला हा बदल आम्हाला योग्य वाटतो.

एक अट मात्र विसरू नका. रविवारी खासगी जमिनीवर जायचं असेल तर मालकाची लेखी परवानगी जवळ हवी. शनिवारी तोंडी ‘हो’ चालून जातं, रविवारी नाही. साध्या कागदावर तारीख, जमिनीचा पत्ता, तुमचं नाव आणि मालकाची सही घेतली तरी पुरे.

दोनच आठवडे का, तर त्याचं कारण हरणाच्या वर्षात आहे. इथल्या व्हाइटटेल हरणाचा माज नोव्हेंबरच्या मध्याला चढतो. त्या दिवसांत नराला भान नसतं, तो भर दुपारी उघड्यावर फिरतो. तेव्हा लाखो रायफली रानात सोडल्या तर मोठे नर पाच दिवसांत संपतील. म्हणून माजाचे दिवस धनुष्यवाल्यांना. त्यांना वीस-तीस यार्डांवर जावं लागतं आणि बरेचसे रिकाम्या हाताने परततात. रायफल येते ती थँक्सगिव्हिंगनंतर, बहुतेक माद्या गाभण राहून गेल्यावर. गर्भाचे सुमारे दोनशे दिवस धरले की पाडसं मे-जूनमध्ये येतात, तेव्हा हरणाचा कोणताच सीझन नसतो. नाताळनंतर फ्लिंटलॉकचा एक सीझन असतो. त्यात गारगोटीच्या ठिणगीवर पेटणारी जुन्या धर्तीचीच बंदूक लागते. दमट हवेत दारू सर्दाळते आणि खटका ओढल्यावर नुसतीच ठिणगी उडते, पण तेव्हा गर्दी नसते.

रजेचा एकच दिवस असेल तर तो पहिल्या सोमवारी लावा. शनिवार-रविवारच्या गोळीबाराने हरणं लॉरेलच्या दाट जाळ्यांत आणि हेमलॉकच्या सावलीत घुसलेली असतात; सोमवारी रान शांत झालं की ती हलायला लागतात. आणि दहा वाजता गाडीकडे परतू नका. बाकीचे जेवायला निघतात तेव्हा त्यांच्या पावलांनी हरणं उठतात, आणि जो बसून राहतो त्याच्यासमोरून जातात. कायदेशीर वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. घड्याळ बघा, उजेडाचा अंदाज करू नका.

प्रश्न: ‘तीन फाटे’ म्हणजे नक्की कसे मोजायचे? माझ्या मित्राने मारलेला नर बेकायदा ठरला, आणि शिंगं तर चांगली दिसत होती.

राज्याच्या बहुतेक भागात प्रौढ शिकाऱ्याने मारायच्या नराला एका बाजूच्या शिंगावर किमान तीन फाटे हवेत. फाटा बुडापासून टोकापर्यंत किमान एक इंचाचा हवा, मुख्य दांड्याचं टोक मात्र कितीही आखूड असलं तरी एक फाटा धरलं जातं. पश्चिमेकडच्या १ए, १बी, २ए, २बी आणि २डी या पाच युनिटांत (शिकारीसाठी आखलेल्या भागांत) नियम आणखी कडक आहे. तिथे कपाळालगतचा पहिला फाटा, ब्रो टाइन, मोजायचाच नाही. तो सोडून वर तीन हवेत. तुमचा मित्र बहुधा इथेच फसला: उरलेल्या राज्यात चालणारा नर पिट्सबर्गजवळच्या २बी मध्ये चालत नाही.

हा नियम २००२ मध्ये आला. त्याआधी मारल्या जाणाऱ्या नरांत बहुसंख्य दीड वर्षाचे कोवळे असत, कारण शिंग दिसलं की गोळी. दीड वर्षाच्या नराला बहुधा एवढे फाटे नसतात, म्हणून त्याला एक वर्ष मिळतं. लहान मुलं (मेंटरसोबत, म्हणजे अनुभवी शिकाऱ्याच्या देखरेखीखाली, जाणारी धरून), अपंग परवानाधारक आणि सैन्यात सेवेत असलेले यांना सूट आहे. त्यांना दोन फाटे किंवा तीन इंचांचं सरळ शिंग पुरतं.

चूक कशी होते, तर पहाटेच्या करड्या उजेडात मागच्या झाडाची फांदी शिंगाला जोडून दिसते. नर मान खाली घालून मादीमागे जात असेल तर दोन्ही बाजूंचे फाटे एकाच बाजूला भासतात. एकाच बाजूवर नजर ठेवून दुर्बिणीने मोजा. बंदुकीच्या स्कोपने मोजू नका, कारण त्यात बंदूक आधीच रोखलेली असते. मोजून होत नसेल तर सोडा.

तरी चुकीचा नर पडलाच तर तो टाकून पळू नका. आतडी काढा, गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम राबवणाऱ्या अधिकाऱ्याला) ताबडतोब फोन करा आणि बारा तासांच्या आत जनावर तपासणीला द्या. स्वतःहून कळवणाऱ्याला थोडक्यात सोडणारी तरतूद कायद्यात आहे. लपवणाऱ्याचं लायसन्स जातं.

प्रश्न: मादीचं लायसन्स वेगळं का? आणि ते लगेच संपतं म्हणतात.

जनरल लायसन्समध्ये वर्षाला एक नर येतो, राज्यात कुठेही. मादीसाठी वेगळा परवाना, ६.९७ डॉलर, आणि तो एकाच युनिटपुरता. कळप वाढणार की घटणार हे माद्यांवर ठरतं, म्हणून कमिशन दर युनिटचा कोटा मादीचा ठरवतं. १९०७ मध्ये याच राज्याने हरणं जवळपास संपली म्हणून मादी मारायला बंदी घातली होती. पुढे कळप इतके वाढले की रानातली रोपटी उरेनात. दोन्ही टोकं अनुभवून झाल्यावर आजची पद्धत आली आहे.

पूर्वी काउंटी ट्रेझररला गुलाबी पाकिटात चेक पाठवावा लागे. २०२३ पासून हे परवाने इतर लायसन्सप्रमाणेच ऑनलाइन आणि दुकानात मिळतात. विक्री जूनच्या शेवटी सुरू होते, बाहेरच्या राज्यातल्यांची जुलैत. उत्तरेकडच्या डोंगरातलं २जी पटकन संपतं. २बी, ५सी, ५डी अशा शहरी युनिटांत ते बराच काळ उरतात, कारण तिथे हरणं भरपूर आणि शिकारीला जागा कमी. एका वेळी सहापर्यंत परवाने जवळ ठेवता येतात. डीमॅप नावाची वेगळी परमिटं विशिष्ट जमिनीपुरती असतात. कोटा हुकला तर तीही बघा.

युनिटची हद्द बहुतेक ठिकाणी रस्ता किंवा नदी असते. रस्त्याच्या या बाजूला तुमचा परवाना चालतो, पलीकडे नाही, आणि दोन्हीकडचं रान दिसायला एकसारखं. फोनवर नकाशा आधीच उतरवून घ्या. डोंगरात सिग्नल नसतो. आणखी एक: ‘मादी’चा परवाना म्हणजे कायद्याने शिंग नसलेलं हरीण, किंवा ज्याची दोन्ही शिंगं तीन इंचांपेक्षा आखूड आहेत असं हरीण. कपाळावर शिंगांची नुसती बटणं असलेला नर पाडस त्यातच मोजला जातो. तो मारणं बेकायदा नाही, पण पुढच्या वर्षीचा नर गेला. एकटं, चौकोनी डोक्याचं, निर्धास्त हरीण समोर आलं तर बहुधा तेच.

प्रश्न: आम्ही एडिसन, न्यू जर्सीत राहतो. पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांत हरीण मारून अख्खं घरी आणता येईल का?

अख्खं आणू नका. पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडतो आहे. हा मेंदूचा रोग बिघडलेल्या प्रथिनाने, प्रायॉनने, पसरतो. ते शिजवून मरत नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. न्यू जर्सी अशा राज्यांतून डोकं किंवा कणा असलेलं हरीण आत येऊ देत नाही. न्यूयॉर्क तर बाहेरच्या कुठल्याही राज्यातलं अख्खं हरीण घेत नाही. हाडं काढलेलं मांस, स्वच्छ केलेली शिंगं कवटीच्या पातळ पट्टीसह आणि कातडं, एवढंच हद्दीपार न्या.

म्हणजे कापणी पेनसिल्व्हेनियातच. सीझनच्या पहिल्या दिवशी खाटकाकडे रांग लागते, म्हणून आधीच फोन करून ठेवा. स्वतः कापणार असाल तर मांड्या, खांदे आणि पाठीचे दोन पट्टे हाडावरून सोडवून घ्या आणि कणा तोडूच नका. करवत लावली की मज्जारज्जूचा चुरा मांसात जातो. रोगग्रस्त भागात मेंदू, डोळे, कणा, प्लीहा त्या हद्दीबाहेर नेता येत नाही. तिथे डोकं टाकायला कमिशनच्या पेट्या असतात, टॅगसह (लायसन्ससोबत मिळणाऱ्या, हरणाला बांधायच्या चिठ्ठीसह) पिशवीत घालून टाकलं तर तपासणी मोफत होते. निकालाला आठवडे लागतात. तोवर मांसाच्या पाकिटांवर नंबर लिहून ती फ्रीझरमध्ये वेगळी ठेवा. माणसाला हा रोग झाल्याची खात्रीची एकही नोंद नाही, पण निकाल ‘पॉझिटिव्ह’ आला तर मांस खाऊ नये असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. आम्हीही तेच सांगू.

बंदूक प्रवासात रिकामी, बंद पेटीत, गाडीच्या डिकीत. पेनसिल्व्हेनियात भरलेली बंदूक गाडीत ठेवणं सोडा, उभ्या गाडीला टेकवून ठेवणंही गुन्हा आहे. चेंबर रिकामं पण बसवलेल्या मॅगझिनमध्ये गोळ्या, हेही ‘भरलेली’च. न्यू जर्सीचा हंटर एज्युकेशनचा दाखला पेनसिल्व्हेनियात चालतो. उलट तुमच्या राज्यात हरणाला रायफल चालत नाही, त्यामुळे रायफल घ्यायची ती फक्त पलीकडच्यासाठी हे आधीच ठरवा.

प्रश्न: हरीण पडल्यावर टॅग कधी आणि कुठे बांधायचा?

जागेवरून हलवण्याआधी. बॉलपेनने तारीख, वेळ, काउंटी, टाउनशिप, युनिट भरा आणि टॅग कानाला बांधा, शिंगाला नाही. जेल पेन दवात पसरतं. टॅग, पेन आणि सुतळी एकाच पिशवीत ठेवा. अंधारात रक्ताळलेल्या हातांनी खिसे चाचपताना यांतलं एक हमखास गाडीत राहिलेलं असतं. ऑनलाइन, फोनवर किंवा कार्डाने दहा दिवसांत नोंद करा. पुष्कळ लोक ही नोंद टाळतात, आणि मग पुढच्या वर्षीचा कोटा कमिशनला अंदाजाने ठरवावा लागतो.

प्रश्न: आम्ही शिकार करत नाही. बक्स काउंटीत पाच एकरांचं घर घेतलं. मागच्या रानात शिकारी येतात, मुलं अंगणात खेळतात. त्यांना थांबवता येतं का?

राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत तुमच्या परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही. धनुष्य किंवा क्रॉसबो असेल तर ५० यार्ड. शिकारी शेजाऱ्याच्या जमिनीवर उभा असला तरी हा घेरा तुमच्या घरापासूनच मोजला जातो. पाच एकरांच्या चौकोनाची बाजू जेमतेम १५५ यार्ड असते, म्हणजे घर मधोमध असेल तर बंदुकीच्या बाबतीत तुमची सगळी जागा या घेऱ्यातच आली.

हद्दीवर पाट्या लावा किंवा झाडांवर जांभळा रंग द्या. २०२० पासून या रंगालाही ‘प्रवेश बंद’च्या पाटीइतकीच कायद्याची मान्यता आहे. पट्टा उभा, किमान आठ इंच लांब आणि एक इंच रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर, दोन पट्ट्यांत शंभर फुटांपेक्षा जास्त अंतर नको. पाटी फाडता येते, रंग पुसता येत नाही.

पण सरसकट नकार देण्याआधी एक विचार करा. तुमच्या भागात हरणं इतकी आहेत की बाग टिकत नाही आणि संध्याकाळी गाडीपुढे येतात. ओळखीच्या एका धनुष्यवाल्याला लेखी परवानगी दिलीत तर तो उंच मचाणावरून खाली बाण सोडतो, तो जमिनीत रुततो. वेळ, जागा आणि कोणत्या दिवशी यायचं हे कागदावर घाला. जखमी हरीण तुमच्या जागेत येऊन पडलं तर शिकाऱ्याने आत येण्याआधी तुम्हाला विचारलंच पाहिजे.

प्रश्न: डॅलसला असतो. इथे चितळ आणि नीलगाय बारमाही मारता येते हे खरं का? आपल्याकडचीच जनावरं ना ही?

खरं आहे, आणि आपल्याकडचीच. चितळ टेक्सासात १९३०च्या दशकात आणले गेले, नीलगाय त्याच सुमाराला दक्षिणेकडच्या किंग रँचवर. आता ती हिल कंट्री आणि किनारपट्टीवर मोकळी फिरतात. टेक्सासच्या कायद्यात ती ‘एक्झॉटिक’, म्हणून त्यांना सीझन नाही आणि संख्येची मर्यादाही नाही. स्थानिक व्हाइटटेलला मात्र सीझन, टॅग, मर्यादा सगळं आहे.

म्हणून नियमच नाहीत असं समजू नका. हंटिंग लायसन्स लागतंच. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशन लागतं. जमीनमालकाची संमती नसेल तर गुन्हा. सार्वजनिक रस्त्यावरून गोळी झाडणं गुन्हा. बाहेरून येणाऱ्या मित्राला पाच दिवसांचं ४८ डॉलरचं लायसन्स एक्झॉटिकसाठी चालतं, व्हाइटटेलसाठी नाही. हे न वाचता लोक फसतात.

सामान्य माणसाला अडवतो तो पैसा. टेक्सासची जवळजवळ ९५ टक्के जमीन खासगी आहे. शिंगवाल्या चितळासाठी रँच हजारो डॉलर घेतात, मादीसाठी बरेच कमी. मांसच हवं असेल तर मादीच मागा. पेनसिल्व्हेनियात याउलट १५ लाख एकरांहून जास्त स्टेट गेम लँड (शिकारीसाठीची सरकारी जमीन) लायसन्सधारकाला खुली आहे. सीझनचे नियम तिथे जाचक वाटतात, पण जागा फुकट आहे. टेक्सासात तारीख मोकळी आणि फाटक बंद.

प्रश्न: यवतमाळकडे रोही (नीलगाय) आणि रानडुकरं पीक खातात. अमेरिकेसारखा सीझन इथे का नाही?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने, आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनंतर तर पूर्णपणे, भारतात शिकार बंद आहे. हौसेची असो वा मांसासाठी. कलम ११ खाली पिकाला किंवा जिवाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी विशिष्ट जनावरासाठी लेखी परवानगी देऊ शकतो. तो हंगाम नाही, अपवाद आहे. परवानगीचा कागद हातात पडेपर्यंत बंदूक उचलू नका. नुकसान दिसताच पीक तसंच ठेवून फोटो काढा, वनरक्षकाला कळवा आणि वनविभाग, तलाठी, कृषी सहायक यांचा पंचनामा करून घ्या. सातबारा आणि बँकेचे तपशील जोडा. पंचनाम्याआधी शेत नांगरलं तर दावा जातो.

पेनसिल्व्हेनियाची पद्धत उचलून इथे ठेवता येणार नाही. तिथे गेम कमिशन १८९५ पासून आहे. त्याचा बराचसा खर्च लायसन्सच्या फीवर आणि बंदुका-काडतुसांवरच्या फेडरल करातून १९३७ च्या कायद्याने राज्यांना मिळणाऱ्या वाट्यावर चालतो. दर युनिटची मोजणी, दर हरणाचा टॅग, दर रानाला वॉर्डन या यंत्रणेशिवाय नुसती तारीख जाहीर केली तर काय उरेल हे १९०७ च्या आधीचं पेनसिल्व्हेनिया सांगेल.

थोडक्यात

*भारतातून आलेल्या वडिलांना सोबत नेऊ का?* बघायला न्या, नारिंगी जाकीट-टोपी घालून. रायफल सीझनमध्ये डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच फ्लुरोसंट नारिंगी चारी बाजूंनी दिसायला हवं. लायसन्स नसताना त्यांनी बंदूक धरायची नाही आणि हाकाही घालायचा नाही. हाका म्हणजे कायद्याने शिकारच. एका हाक्यात जास्तीत जास्त २५ माणसं.

*मका टाकून हरीण बोलावता येतं का?* पेनसिल्व्हेनियात सर्वसाधारणपणे नाही, आणि मका उचलल्यावरही ती जागा ३० दिवस बाद. दुसऱ्याने टाकलेला असला तरी तिथे बसलेले तुम्ही आहात. न्यू जर्सी आणि टेक्सासात चालतं.

*गेम लँडवर मचाण कायमचं ठेवू का?* पहिल्या हरीण सीझनच्या दोन आठवडे आधीपासून शेवटच्याच्या दोन आठवडे नंतरपर्यंत. झाडात खिळा किंवा स्क्रू नको, मचाणावर तुमच्या ओळखीची पट्टी हवी. जमीन सोडल्यापासून परत जमिनीवर येईपर्यंत हार्नेस अंगावर आणि दोरीला जोडलेला ठेवा. बरेच जण चढता-उतरताना पडतात, बसलेले असताना नाही.

*जास्तीचं मांस विकू का?* रानातल्या हरणाचं मांस विकता येत नाही, वाटता येतं. ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ ही संस्था १९९१ पासून ते अन्नछत्रांना पोचवते. तिच्या यादीतल्या खाटकाकडे हरीण द्या. घरी ठेवणार असाल तर गोळी गेलेल्या वाटेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब उडतात, आणि लहान मुलांच्या ताटात ते नकोत.

*ऑक्टोबरात मारलं तर?* दुपारी १८-२० अंश असतात. आतडी लगेच काढा, पोटात बर्फाच्या पिशव्या भरा आणि त्याच दिवशी ० ते ४ अंशांत न्या. संध्याकाळी बाण लागला आणि माग सकाळी काढला, तर मांस बहुधा गेलेलं असतं. २०१८ पासून दोरीला बांधलेला माग काढणारा कुत्रा वापरता येतो. अशा कुत्रेवाल्यांचे नंबर सीझनआधी फोनमध्ये घालून ठेवा.